चार जागा, एक तक्ता आणि पहाटेचा ऑक्सिजन: अधिवास व जोखीम पाहणीच्या प्रकल्प नोंदी

दिवस १

काम असं आहे. एकाच मालकीच्या चार जागा: एक ओढा, एक तळं, एक पाणथळ कुरण आणि ओढ्याकाठचा झाडपट्टा. दुरुस्तीसाठी निधी मर्यादित आहे, तो आधी कुठे लावायचा ते ठरवायचंय. त्यासाठी प्रत्येक जागेची अधिवास म्हणून प्रत किती आणि तिला धोका कशाचा, हे तपासायचं. आम्ही तिघं आहोत. मी पाणी आणि हिशेब बघतो, एक सहकारी किडे आणि मासे, आणि एक मैत्रीण झाडं-गवतं. मुदत सहा आठवडे. (शेवटी अकरा लागले. का लागले, तेच खाली आहे.)

आज फक्त चालून आलो. तळं सगळ्यांनाच आवडलं. काठाला पाणकणीस, वर चतुर आणि टाचण्या, एका फांदीवर खंड्या. मी वहीत लिहिलं, ‘बहुधा सर्वांत चांगली जागा’. हे वाक्य मी नंतर खोडलं नाही, मुद्दाम ठेवलंय.

दिवस २ आणि ३

दोन दिवस वाया. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९९ मध्ये काढलेल्या जलद जैव-मूल्यमापन पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीतला अधिवासाचा तक्ता घेतला. दहा घटक, प्रत्येकाला ० ते २० गुण, एकूण २००. तक्ता उत्तम आहे, पण वाहत्या पाण्यासाठी. मी तोच चारही जागांना लावायला गेलो. तळ्याच्या काठावर बसून ‘खळाळांमधलं अंतर’ या रकान्यात काय भरायचं याचा अर्धा तास विचार केला, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

आता ओढ्याला तो तक्ता, तोही उताराच्या ओढ्याचा (संथ प्रवाहासाठी वेगळा आहे, दोन्ही आधी वाचा). तळं, कुरण आणि झाडपट्टा यांना स्वतंत्र तक्ते. एकूण गुणांची चारही जागांत थेट तुलना करायची नाही, हे त्याच दिवशी ठरवायला हवं होतं. ठरवलं नाही.

दिवस ५

सराव. ओढ्याचा एकच १०० मीटरचा तुकडा, सहकाऱ्याने आणि मी न बोलता वेगवेगळे गुण दिले. माझे १४१, त्याचे ११२. एवढी तफावत असेल तर दोन जागांतल्या दहा-पंधरा गुणांच्या फरकाला काही अर्थच उरत नाही.

रकाना रकाना जुळवून पाहिला. काठाची स्थिरता, काठावरचं आच्छादन आणि काठाच्या पट्ट्याची रुंदी या तिन्हींत डाव्या-उजव्या काठाला प्रत्येकी १० गुण असतात. तो प्रवाहाच्या वरच्या दिशेला तोंड करून उभा होता, मी खालच्या. त्याचा डावा काठ म्हणजे माझा उजवा. तक्त्याप्रमाणे तोंड प्रवाहाच्या खालच्या दिशेला हवं. बेरजेत याने फरक पडत नाही, पण कुठला काठ बांधून काढायचा ते नेमकं उलटं झालं असतं.

खरी तफावत गाळाच्या रकान्यांत निघाली. दगड किती गाळात रुतलेत हे मी काठावरून बघून लिहिलं होतं, त्याने पाण्यात उतरून दगड उचलून बघितले होते. वरून स्वच्छ दिसणारा दगड उचलला तर खालची निम्मी बाजू काळपट-राखाडी, आणि दगड सुटताना चिखलातून पाय काढावा तसा ‘पच्’ आवाज. माझे गुण चुकले. नियम केला: वीस दगड उचलल्याशिवाय हा रकाना भरायचा नाही.

पुन्हा गुण दिले. ११८ आणि ११४. चालेल.

दिवस ८

किड्यांचे नमुने. ५०० मायक्रॉनची जाळी, तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, सगळ्या प्रकारच्या कोपऱ्यांना वेळ वाटून द्यायचा. पाण्यातलं काम वीस मिनिटांत आटोपलं. ट्रेमधून किडे वेचायला एका नमुन्याला चार तास लागले. वेळापत्रकात मी एक तास धरला होता! पहिल्यांदा करणाऱ्यांनी वेचण्याचा वेळ आधी धरावा, उरलेल्या वेळात बाकीचं.

दोन घोडचुका झाल्या. पहिली, सगळे किडे एकाच बाटलीत जिवंत आणले. चतुराच्या अळ्या शिकारी असतात. संध्याकाळी बाटलीत मेफ्लायच्या अळ्यांचे पाय आणि शेपट्याच उरल्या होत्या. दुसरी, दुसऱ्या नमुन्यावर स्पिरिट ओतलं, पण आधी पाणी नीट निथळलं नाही, शिवाय निम्मी बाटली पालापाचोळ्याने भरलेली. ७० टक्क्यांचं स्पिरिट पातळ झालं आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर खोलीत थांबवेना. तो नमुना फेकला. आता पाणी निथळून स्पिरिट, आणि दुसऱ्या दिवशी ते बदलून पुन्हा ताजं.

गुण द्यायला ब्रिटनमध्ये तयार झालेली कुळांची पद्धत वापरली. स्वच्छ, थंड, खळाळत्या पाण्याशिवाय न जगणाऱ्या कुळांना १०, लाल अळ्यांच्या कायरोनोमिड कुळाला २, गांडुळवर्गीयांना १. सगळ्यांची बेरीज करून कुळांच्या संख्येने भागायची. नुसती बेरीज धरू नका, जास्त वेळ वेचलं की बेरीज वाढते, सरासरी फारशी हलत नाही. आणि कुळांचे गुण आपल्या प्रदेशासाठी बदललेले मिळत असतील तर तेच घ्या.

दिवस ९

तळं. दुपारी बारा. ऑक्सिजन लिटरला ११.२ मिलिग्रॅम, तापमान २७ अंश, सामू (पीएच) ९.१, एकूण अमोनिया ०.४ मिलिग्रॅम. ऑक्सिजन भरपूर, अमोनिया थोडा. ‘उत्तम’ लिहून मोकळा झालो. पाण्याची पारदर्शकता मोजायची २० सेंटिमीटरची काळी-पांढरी सेकी तबकडी सोडली तर २२ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली. तो आकडा मागच्या पानावर लिहिला आणि विसरलो.

कुरणात काही विशेष नाही. माती दाबली की पाणी येतं, गवतं मिश्र, दोन ठिकाणी गुरांचे खूर रुतलेत.

दिवस १०

ओढ्याच्या ट्रेमध्ये डकवीडची (साचलेल्या पाण्यावर तरंगणाऱ्या बारीक वनस्पतीची) तीन पानं, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी, हिरवीगार. ओढा वाहता आहे, तिथे ही कशी? सहकारी म्हणाला, “अरे, काल हीच जाळी तळ्यात होती.”

खरं होतं. ओली जाळी, ओले बूट, एका पाण्यातून थेट दुसऱ्यात. डकवीडचं एक सोडा. बेडकांना मारणारी कायट्रिड बुरशी ओल्या साहित्यावरून अशीच पसरू शकते. जागांचा धोका मोजायला आलेली मंडळीच तो धोका पाठीवर घेऊन फिरत होती. जोखमीच्या यादीत पहिली ओळ आमचीच टाकली. आता प्रत्येक पाण्यानंतर साहित्य बघायचं, घासून धुवायचं, पूर्ण वाळवायचं. वाळायला वेळ लागतो म्हणून जाळ्यांचे दोन संच केले. दिवसाला एकच पाणवठा. वेळापत्रक आणखी सहा दिवसांनी लांबलं.

दिवस १३

सामू मोजायचा प्रोब भरकटला. ७ च्या द्रावणात ७.६ दाखवतोय आणि स्थिरच होत नाही. मी तो आठवडाभर ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवला होता, स्वच्छ म्हणून! त्या पाण्यात काचेच्या टोकातले क्षार निघून जातात. प्रोब पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवायचा असतो. रात्रभर त्यात ठेवल्यावर शुद्धीवर आला. दिवस ९ चा ९.१ मात्र खरा होता, कारण त्या सकाळी ७ आणि १० दोन्ही द्रावणांत तपासून घेतला होता. तपासणीची वेळ आणि वाचन वहीत लिहून ठेवलं नसतं तर तोही आकडा टाकून द्यावा लागला असता.

दिवस २२

प्रयोगशाळेचे आकडे आले. नायट्रेट चारही जागांत लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर. मी घाबरलो, फोन लावायला निघालो. मैत्रिणीने यादीत बोट ठेवलं: पाचवा नमुना कोरा होता, म्हणजे शुद्ध पाणी भरून सगळीकडे फिरवून आणलेली बाटली. त्यातही हजाराच्या वर.

कारण मीच. बाटल्या कमी पडल्या म्हणून धातूंसाठी भरलेल्या बाटल्यांतूनच नायट्रेटही काढा, असं मी अर्जावर लिहिलं होतं. धातू बाटलीच्या भिंतीला चिकटू नयेत म्हणून त्या नमुन्यांत सामू २ च्या खाली जाईल इतकं नायट्रिक आम्ल घालतात. नायट्रिक आम्लात नायट्रेट मोजलं तर दुसरं काय सापडणार! प्रयोगशाळेने सांगितलं तेच मोजलं.

तपासण्यांचा एक आख्खा फेरा बुडाला. कोरा नमुना ही उधळपट्टी वाटून मी तो जवळजवळ गाळला होता. गाळला असता तर ‘चारही जागांत भयंकर प्रदूषण’ असा अहवाल मी गंभीर चेहऱ्याने सादर केला असता. आता बाटलीवर तपासणीचं नाव, आम्ल आहे की नाही, भरल्याची वेळ, तिन्ही पेन्सिलने. शाईच्या पेनाने लिहिलेलं पाण्यात पुसलं जातं, तेही एकदा झालं.

दिवस २६

आमच्या क्षेत्रातल्या एका जुन्या जाणत्या बाईंना वही दाखवली. त्यांनी तळ्याचं पान उघडलं, मागचं उघडलं, परत पुढचं. “२७ अंशांना पाण्यात ऑक्सिजन मावतो किती?” मी म्हटलं, आठ. “मग तुमच्याकडे अकरा कसा?”

पुढे काही बोलल्याच नाहीत, गरजही नव्हती. समुद्रसपाटीला २७ अंशांना हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात साधारण ८ मिलिग्रॅम मावतो. ११.२ म्हणजे १४० टक्के. तो जादा ऑक्सिजन हिरव्या शेवाळाने उन्हात तयार केलेला. तेच शेवाळ रात्री श्वास घेतं, आणि घेताना विचारत नाही. तबकडी २२ सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली होती, म्हणजे पाणी शेवाळाने किती दाट आहे ते मागच्याच पानावर लिहिलेलं होतं. दोन आकडे शेजारी ठेवले असते तर त्याच दिवशी कळलं असतं.

अमोनियाचंही तसंच. एकूण आकड्यावर जायचं नसतं. माशांना मारतो तो आयनरहित भाग, आणि त्याचं प्रमाण सामू ठरवतो. २५ अंशांना सामू ७ असेल तर एक टक्काही नाही, ८ ला पाच टक्क्यांच्या आसपास, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. माझा सामू ९.१ होता. ‘थोडा अमोनिया’ हे माझे शब्द.

दिवस २८ ते २९

तळ्यावर चोवीस तास. झोपायच्या पिशव्या, डोक्यावरचे दिवे आणि चार तासांनी ऑक्सिजनचं एक वाचन, पाण्याच्या वरच्या थरात.

दुपारी २: १०.९. संध्याकाळी ६: १०.४. रात्री १०: ६.१. रात्री २: ३.०.

पहाटे साडेपाचला उजाडताना पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठायला लागली, भुरभुर पाऊस सुरू झाल्यासारखी. मी बॅगेवर प्लास्टिक टाकायला धावलो. सहकारी जागचा हलला नाही. त्याने दिव्याचा झोत पाण्यावर आडवा धरला. प्रत्येक वर्तुळाच्या मधोमध एक तोंड होतं. बोटाच्या पेराएवढे मासे पृष्ठभागाला तोंड लावून उभे, शेकड्यांनी, पाणकणसापासून मधल्या पाण्यापर्यंत. पाऊस नव्हताच. ऑक्सिजनचा प्रोब सोडला: १.८. सामू ७.६.

म्हणजे हे तळं दिवसातून दोनदा अडचणीत असतं. भर दुपारी अमोनियाने आणि पहाटे ऑक्सिजनअभावी. आम्ही ज्या वेळेला आरामात पोचायचो त्या वेळेला ते सगळ्यांत देखणं दिसायचं.

जाळीत आलेले मासे गॅम्बुशिया निघाले. डास मारायला म्हणून जगभर सोडलेले, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या शंभर घातक आक्रमक प्रजातींच्या यादीतले. पृष्ठभागालगतच्या थरातलं पाणी कल्ल्यांवरून फिरवून तगून राहण्यात हे पटाईत, बेडकांची अंडी आणि बेडूकमासे खाण्यातही. तळ्यात बेडूकमासे का दिसत नाहीत याचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

दिवस ३५ आणि ३६

रात्री जोराचा पाऊस. सकाळी ओढ्याला गढूळ लोंढा होता, आत उतरायचा प्रश्नच नव्हता, काठाने फिरलो. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर एक काम केलं जे खरं तर पहिल्या आठवड्यात करायला हवं होतं. विद्युतवाहकतेचं छोटं यंत्र (पाण्यात विरघळलेले क्षार जास्त तितका आकडा मोठा) घेऊन खालून वर चालत गेलो, दर पन्नास मीटरला वाचन. कुठलंही रसायन लागत नाही, वाचनाला अर्धा मिनिट.

खालपासून सगळीकडे ५४० मायक्रोसीमेन्सच्या आसपास, मग हळूहळू चढत ७८०, आणि वळणानंतर एकदम ३१०. म्हणजे वळणावर काहीतरी पाण्यात मिसळतंय. झुडपं बाजूला केली तर सिमेंटचा जुना पाइप, वीतभर व्यासाचा. तोंडाशी राखाडी, कापसासारखी लोंबणारी, बुरशीसारखी दिसणारी वाढ. कोरड्या दिवशी पाण्याची करंगळीएवढी धार. या वळणावरून आम्ही आठ-नऊ वेळा गेलो होतो.

ओढ्याला पाणी वाढलं की त्याचा एक फाटा तळ्यात उतरतो. तळ्याला खाऊ घालणारं हेच. पाइप कुणाचा त्याचा शोध मालकांकडे सोपवला.

ओढ्यातल्या किड्यांचे आमचे नमुने पाइपच्या वर दोन आणि खाली एक असे पडले होते, नकळत. वरच्यांत कुळांच्या गुणांची सरासरी ६ च्या पुढे, खालच्यात ४ च्या आत. तिन्हींची मिळून सरासरी काढून मी ‘ओढा मध्यम’ लिहिलं होतं. असा मध्यम ओढा अस्तित्वातच नाही. एक चांगला ओढा आहे आणि त्याला जोडलेला एक आजारी ओढा आहे. पाइपखाली आणखी तीन नमुने घेतले.

दिवस ४४

झाडपट्टा. उपग्रहाच्या चित्रात अखंड हिरवा, बहिर्गोल आरशाने मोजलं तर छत्र ९० टक्क्यांच्या वर. खाली झाडलोट केल्यासारखी जमीन. एक रोप नाही, एक कुजकं खोड नाही, पाला गोळा करून नेलेला. मैत्रीण म्हणाली, वरून जंगल, खालून अंगण. वरच्या छत्राला गुण देऊन थांबलो असतो तर तेही फसलं असतं.

कॅमेरा लावला होता, दोन आठवडे. २,९१४ फोटो. गवताचे २,८८०. समोरची पात कापायला विसरलो होतो. बाकीच्यांत एक मुंगूस, तीन वेळा, बहुतेक तेच.

दिवस ५२

जोखमीचा तक्ता. नेहमीचा पाच बाय पाच: शक्यता गुणिले परिणाम. भरून झाल्यावर दिसलं की ‘कुरणात गुरांचे खूर’ (शक्यता ५, परिणाम १) आणि ‘पाइपमधून कधीतरी एकदम मोठा घातक लोंढा’ (शक्यता १, परिणाम ५) दोन्ही ५ वर. एकाच रंगाचे चौकोन, शेजारी शेजारी. हे क्रमांक आहेत, किलो किंवा मीटर नाहीत, त्यांचा गुणाकार करून काही हाती लागत नाही.

गुणाकार काढून टाकला. प्रत्येक जोखीम एका ओळीत लिहिली: कुठून येतं, कुठल्या वाटेने, कुणाला लागतं. ‘पाइप, तिथून ओढा आणि पुराचा फाटा, तिथून तळ्यातले मासे व बेडूकमासे.’ तिन्हींपैकी एक दुवा तोडता आला तर जोखीम संपते, म्हणून पुढच्या रकान्यात कुठला दुवा तोडणं सोपं ते लिहिलं. परिणाम ५ असलेल्या ओळी शक्यता कितीही कमी असली तरी वेगळ्या पानावर.

दिवस ६०

शेवटचे गुण. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने रूढ केलेल्या धर्तीवर, एका प्राण्यासाठी प्रत्येक गरजेला ० ते १. तळं, बेडूकमाशांच्या दृष्टीने: काठाचं गवत ०.९, उथळ पाणी ०.८, पाणी टिकण्याचा काळ ०.९, पहाटेचा ऑक्सिजन ०.१.

साधी सरासरी ०.६८. ‘बरं’ या गटात बसतं. चारही आकडे गुणून चौथं मूळ काढलं तर ०.५०. सर्वांत कमी आकडा ०.१. तिघांत अर्धा दिवस वाद झाला. माझं म्हणणं असं पडलं की गुदमरणाऱ्या बेडूकमाशाला काठाचं गवत ०.९ आहे याचं काय? जिथे एका गरजेची भरपाई दुसरीने होते (थोडं गवत कमी, थोडी झुडपं जास्त) तिथे सरासरी ठीक. जिथे होत नाही तिथे सर्वांत कमी आकडा हाच जागेचा गुण. मैत्रिणीला हे फार कडक वाटतं, आणि झाडपट्ट्याबाबत तिचं बरोबरही आहे. तिथे मूळ काढलेला आकडा ठेवला.

अहवालात आता तिन्ही आकडे दिलेत, आणि त्यांच्याखाली मोजण्याची वेळ. अधिवासाचे गुण आणि जोखीम यांची एकत्र बेरीज कुठेही नाही. मालकांनी एकच आकडा मागितला होता. दिला नाही, थोडी नाराजी झाली.

क्रम बदलला. पहिल्या आठवड्याच्या वहीप्रमाणे तळं शेवटी, कारण ‘त्याला काही लागत नाही’. आता पाइप पहिला, झाडपट्ट्यातला पाला उचलणं थांबवणं दुसरं (याला निधी लागतच नाही), तळ्यातला गाळ आणि मासे तिसरे. पाइप चालू असताना तळ्याचा गाळ काढणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं. कुरणाला एक कुंपणाची तार पुरेल.

दिवस ७६

हिशेब. प्रत्यक्ष रक्कम देत नाही, जागेप्रमाणे बदलते, प्रमाण देतो. खर्चाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग प्रयोगशाळेला गेला, त्यातला तिसरा हिस्सा त्या नायट्रिकच्या गोंधळात. साहित्याचा खर्च पावपट, बाकी प्रवास. सर्वांत जास्त माहिती देणाऱ्या दोन गोष्टी, वाहकतेची चालत केलेली मोजणी आणि तळ्यावरची रात्र, जवळजवळ फुकट पडल्या. वेळेचा हिशेब: पाण्यात आणि काठावर १९ दिवस, किडे वेचण्यात १४, चुका निस्तरण्यात ११, बाकी कागद.

पक्ष्यांची नोंद अहवालातून काढली. आम्ही दोन्ही वेळा भर दुपारी मोजलं होतं, तेव्हा जे दिसलं नाही त्यावरून काही म्हणता येत नाही.

प्रोब द्रावणात ठेवलाय. जाळ्या दोरीवर वाळताहेत. पाइप बंद झाल्याचा निरोप आला की तळ्यावर पुन्हा जायचं, पहाटे पाचला पोचायचं, आणि पहिला आकडा उजाडायच्या आत घ्यायचा.